माणसाने घडविलेले जीव : शाळूच्या कणसापासून बोंडअळीपर्यंत

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पौषात हुरड्याचे दिवस सरतात आणि माघ लागला की सोलापूर जिल्ह्यातील शाळूचे रान पिकू लागते. ताटे पिवळी पडतात, कणसांवर मोत्यासारखी झळाळी येते. काढणीची माणसे रानात उतरण्यापूर्वी घरातील एखादी जाणती बाई किंवा अनुभवी म्हातारा उभ्या पिकातून एक फेरी मारून येतो. ताट किती उंच आहे, ते लोळले आहे की ताठ उभे आहे, कणीस भरले आहे की मध्ये पोकळ राहिले आहे, दाणा चिमटीत धरला तर टणक लागतो की नाही, असे सारे पाहत काही कणसे बाजूला काढली जातात. ती वेगळी बांधून आढ्याला टांगतात. पुढे त्यांचेच दाणे राख लावून मडक्यात जातात आणि पुढच्या पेरणीला पाभरीच्या चाड्यातून जमिनीत उतरतात.

या कामाला कोणी शास्त्र म्हणत नाही. करणाऱ्यालाही त्याचे काही विशेष वाटत नाही. तथापि पृथ्वीवरील सजीवांची रूपे ज्या शक्तींनी बदलली, त्यांत या साध्या फेरीचा वाटा फार मोठा आहे. निसर्गात कोणी बसून निवड करीत नाही. जो जीव तगला, ज्याची संतती वाढली, त्याचे गुण पुढे गेले. माणसाने शेती सुरू केली आणि कोणाचे बी पुढच्या वर्षी जमिनीत पडावे हे ठरविण्याचा अधिकार काही वनस्पतींपुरता आपल्या हाती घेतला. चार्ल्स डार्विन याने १८५९ साली उत्क्रांतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिताना पहिलेच प्रकरण पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांना दिले, ते याच कारणासाठी. पुढे १८६८ साली त्याने या एकाच विषयावर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यात त्याने एक मार्मिक भेद सांगितला आहे. काही निवड माणूस बुद्धिपुरस्सर करतो, मनाशी एक उद्दिष्ट धरून करतो. परंतु त्याहून कितीतरी मोठी निवड त्याच्या हातून अजाणता होत असते. सोलापूरच्या मातीत या दोन्ही प्रकारांची उदाहरणे इतकी स्पष्ट आहेत की, हा विषय शिकविण्यासाठी दूरचे दाखले शोधण्याची गरज पडू नये.

ज्वारी मूळची येथली नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तिचे माहेर आफ्रिका खंडात, सुदान व त्याच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात आहे. तेथे रानज्वारी अजूनही उगवते. पूर्व सुदानमधील कसाला परिसरातील एका प्राचीन वसाहतीत मातीच्या भांड्यांची खापरे सापडली. भांडी घडविताना मातीत ज्वारीचा भुसा मिसळला होता आणि त्याचे ठसे पाच हजार वर्षांनंतरही त्या खापरांत शिल्लक राहिले होते. २०१७ साली या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत दोन प्रकारची तुसे दिसतात. काहींच्या देठाशी सांधा गुळगुळीत आहे, म्हणजे दाणा आपोआप गळून पडला. काहींच्या देठाशी तुटल्याची खूण आहे, म्हणजे दाणा झोडपून वेगळा करावा लागला. पहिली रानज्वारी, दुसरी माणसाळलेली. दोन्ही एकाच गावात, एकाच काळात. एक रानगवत धान्य होत असताना मध्येच पकडले गेले आहे, असे म्हटले तर चालेल.

दाणा न गळणे हा गुण दिसायला क्षुल्लक आहे. रानातल्या गवताच्या दृष्टीने मात्र तो घातकच. दाणे पक्व होताच विखुरले नाहीत तर त्या गवताचा वंश पसरणार कसा? अशी चुकार ताटे निसर्गात अधूनमधून निपजत आणि नामशेष होत. माणूस कणसे तोडून घरी नेऊ लागला तेव्हा पारडे फिरले. गळणारा दाणा वाटेतच सांडला, न गळणारा घरापर्यंत पोचला, आणि घरी पोचलेल्यातूनच पुढचे बी निघाले. कोणीही न ठरविता, केवळ कणसे वाहून नेण्याच्या रीतीमुळे शेकडो पिढ्यांत गळणारी ज्वारी शेतातून हटली. हा बदल घडविणारे जनुक आता ओळखले गेले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, त्या एकाच जनुकात तीन निरनिराळे बदल स्वतंत्रपणे होऊन ज्वारीचा दाणा कणसात टिकू लागला. म्हणजे वेगवेगळ्या शेतकऱ्यांनी, एकमेकांना न विचारता, तेच काम तीनदा केले.

दुसरा बदल रुजण्याचा. रानगवताचे सगळे बी एकाच पावसाने उगवत नाही; काही या वर्षी, काही पुढच्या वर्षी, असा त्याचा सावध स्वभाव असतो. एखादा हंगाम बुडाला तरी वंश बुडू नये, ही त्यातील सोय. शेतकऱ्याला ही सावधगिरी परवडत नाही. वाफसा आला, पेरणी झाली की आठवड्याभरात सारी ओळ उगवून आलेली त्याला हवी. उशिरा उगवलेले रोप कोळपणीत गेले, त्याचे बीही गेले. याप्रमाणे ज्वारीने आपली सावधगिरी सोडली, आणि सांभाळण्याची जबाबदारी नकळत माणसावर आली. आज शाळूचे रान माणसाने वाऱ्यावर सोडले, तर काही वर्षांत तेथे कुसळी गवत असेल, शाळू नसेल.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ज्वारी भारतात आली आणि दख्खनमध्ये रुजली. येथे तिला दुसरा एक परीक्षक भेटला : सोलापूरची जमीन. जिल्ह्याचे पर्जन्यमान बेताचे; वर्षाकाठी साधारण ५०० ते ७०० मि.मी., आणि त्यातील बराचसा पाऊस परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात. काळी भारी जमीन तो पाऊस पोटात साठवून ठेवते. शाळू पेरला जातो तो या साठ्याच्या भरवशावर. पुढे चार महिने आभाळातून काही मिळेलच असे नाही. थंडी वाढते, जमिनीला भेगा पडतात, ओल खाली खाली जाते आणि मुळांना तिच्या मागे जावे लागते. या परीक्षेत जे ताट टिकले त्याचेच बी उरले.

जमिनीने पास केलेल्या ताटांची पुन्हा घरात परीक्षा होई. भाकरी थापताना पिठाला चिकटपणा आहे की नाही, तव्यावर ती फुगते की नाही, दुसऱ्या दिवशी शिळी झाली तरी मऊ राहते की नाही, हे पाहणारी गृहिणी ही एका अर्थाने वनस्पतिसुधारणा करीत होती. गोठ्यातील जनावरानेही मत दिले. कडबा गोड आणि पालेदार असला तर बैल तो आवडीने खातो. दुष्काळी मुलखात दाण्याइतकेच कडब्याला मोल, म्हणून ठेंगणे ताट शेतकऱ्याने कधी पसंत केले नाही. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखे वाण वेगळे राखले गेले. त्यांचा कोवळा दाणा गोड आणि तुसांतून सहज सुटणारा. लाह्यांसाठी आणखी वेगळे. एकाच पिकाच्या इतक्या शाखा या कोणा एका माणसाच्या योजनेतून निघालेल्या नाहीत. प्रत्येक चुलीने, प्रत्येक गोठ्याने आपली मागणी नोंदविली आणि पिकाने आपल्या परीने ती पुरविली.

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. दुष्काळात बादशाही कोठारे रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. येथील मालदांडी ज्वारीची कीर्ती त्या कथेइतकी जुनी नसली तरी ती कमी पक्की नाही, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी असे मानांकन मिळाले. त्या डाळिंबाकडे पुढे यावे लागेल.

विसाव्या शतकात अजाणत्या निवडीला जाणत्या निवडीची जोड मिळाली. अवर्षणग्रस्त भागातील शेतीचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधनाचे केंद्र सुरू झाले. याच दशकात मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक निवड वाण सिद्ध करण्यात आला. तोच ‘मालदांडी ३५-१’. या कामाची रीत समजण्यास सोपी आहे. गावोगावच्या मालदांडीत एकसारखी दिसणारी, पण गुणांनी थोडी थोडी वेगळी असलेली ताटे असतात. त्यांतील निवडक कणसांचे दाणे एकमेकांत न मिसळता स्वतंत्र ओळींत पेरावयाचे, ओळींची वर्षानुवर्षे तुलना करावयाची, आणि सर्व कसोट्यांना उतरलेली ओळ वाढवावयाची. ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे निवडलेल्या ओळीचे गुण पुढे बऱ्यापैकी स्थिर राहतात. येथे नवे असे काही निर्माण केलेले नव्हते. शेतकऱ्यांनी शतकानुशतके साठविलेल्या ठेवीतील एक नाणे पारखून बाहेर काढले, इतकेच. परंतु ते नाणे असे खणखणीत निघाले की, जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही ते चलनात आहे.

याची साक्ष संकरित ज्वारीच्या इतिहासात मिळते. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. खरीप ज्वारीत संकरित वाणांनी उत्पादनाचे चित्र पालटले, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. रब्बीत मात्र तसे घडले नाही. जमिनीतील घटत्या ओलीवर दाणा भरण्याचे काम, रोपावस्थेत खोडमाशीला तोंड देण्याचे काम, थंड रात्रींतही कणसात पुरेसे दाणे धरण्याचे काम. या तिन्हींत मालदांडीची बरोबरी बाहेरून आलेल्या रक्ताला सहजासहजी करता आली नाही. मालदांडीच्या कोवळ्या रोपाची पाने तकतकीत असतात. अशा पानांवर खोडमाशी अंडी कमी घालते. हा गुण कोणी शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहून निवडला असेल असे नाही. माशीने ज्या रोपांना सोडले ती वाढली आणि त्यांचीच कणसे आढ्याला टांगली गेली. एवढे होऊनही एखादा वाण पसरला असता, तरी भाकरीची आणि कडब्याची परीक्षा शिल्लकच होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’, हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ असे निरनिराळे वाण दिले. एकच वाण सर्व जमिनींवर लादण्यापेक्षा हा विचार अधिक शहाणपणाचा, कारण जुन्या शेतकऱ्याचा विचारही तसाच होता.

मालदांडी ३५-१ च्या यशाला एक दुसरी बाजू आहे. एक वाण उत्तम ठरला की शेजारचे वाण मागे पडतात. गावागावांतून राखलेले, कधी चवीसाठी, कधी एखाद्या विशिष्ट रानासाठी जपलेले वाण एकेका घरातून निघून गेले, आणि त्यांची दफ्तरी कोठे नोंदही झाली नाही. जो वाण तीन वर्षे पेरला गेला नाही, त्याचे मडक्यातले बी मेलेलेच समजावे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या बीजपेढीत ज्वारीचे ४०,००० हून अधिक नमुने शीतगृहात जतन केलेले आहेत, ही मोठी जमेची बाजू. मात्र शीतगृहातील बी झोपलेले असते. बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी जुळवून घेण्याचे शिक्षण त्याला मिळत नाही. ते केवळ शेतात मिळते. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची जी बँक उभी केली तिचे महत्त्व यासाठी आहे. औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंना पद्मश्री देण्यात आली, तेव्हा आढ्याला कणीस टांगणाऱ्या असंख्य हातांचाच तो गौरव होता.

जनावरांची कथा याहून वेगळी नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातील खिलार बैल चपळ, काटक, कमी चाऱ्यावर तग धरणारा. कार्तिकी वारीच्या वेळी पंढरपूरचा आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतील सोलापूरचा जनावरांचा बाजार, हे खिलारच्या निवडीचे जणू परीक्षा मंडळच होते. शिंगाची ठेवण, पायाचा खूर, पाठीची रेघ, चाल. गिऱ्हाइकाने ज्या गुणांना पैसे मोजले ते गुण वाढले. या निवडीत दुधाला स्थान नव्हते, म्हणून खिलार गाय दुधाला कमी. यात गाईचा दोष नाही, तिच्याकडे ते कोणी मागितलेच नव्हते. ट्रॅक्टर आल्यावर मोट आणि नांगर यांसाठी असलेली मागणी ओसरली आणि निवडीचे उद्दिष्टच डळमळले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त वाट मोकळी झाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने ग्राह्य ठरविला. या काळात खिलारच्या किमती शर्यतीच्या बाजूला झुकल्या. काही क्षण वेगाने धावणारा बैल आणि दिवसभर औत ओढणारा बैल हे एकच जनावर नव्हे. पैदाशीसाठी कोणता वळू राखावा याचा निर्णय पुढील काही पिढ्या शर्यतच करू लागली तर खिलारचे रूप बदलेल, आणि तो बदल कोणी ठरवून केलेला नसेल.

मेंढ्यांच्या बाबतीत हा बदल डोळ्यांसमोर घडला आहे. धनगर बांधवांची दख्खनी मेंढी काळ्या, जाड लोकरीची, तिची घोंगडी. घोंगडीची मागणी घटली, मटणाचा भाव चढला. तेव्हा जत भागातील उंच, बाकदार नाकाच्या, अंगावर लोकर जवळजवळ नसलेल्या माडग्याळ मेंढीकडे कळपांचा ओढा वाढला. बाजारभाव बदलला की कळपाची कातडीसुद्धा बदलते.

आतापर्यंत माणसाला जे हवे होते त्याची निवड झाली. जे नको होते त्याचीही निवड त्याच हातांनी झाली आहे, आणि प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग अधिक निकडीचा आहे. जुने उदाहरण खुरपणीचे. भातखाचरात सावाच्या कुळातील एक गवत असते. खुरपणारा डोळा भातापेक्षा वेगळे दिसणारे रोप उपटतो. शतकानुशतके याचा परिणाम असा झाला की, त्या गवताचा एक प्रकार रोपावस्थेत भातासारखाच दिसू लागला. खुरप्याने त्याला जणू भाताचे सोंग शिकविले.

नवे उदाहरण कापसाचे. बोंडअळीला मारक असे विष स्वतःच्या पेशींत तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ साली दोन प्रकारची विषद्रव्ये असलेला पुढचा प्रकार आला. आरंभीची वर्षे उत्तम गेली, फवारण्या कमी झाल्या. परंतु लाखो हेक्टरवर प्रत्येक झाड विषारी असेल, तर ज्या मूठभर अळ्यांना त्या विषाची बाधा होत नाही त्यांनाच शेत मोकळे मिळते. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या विषाला दाद देणे सोडल्याचे २०१० साली जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने दुसऱ्या प्रकारालाही न जुमानता बोंडे पोखरली. असे होणार याची कल्पना शास्त्रज्ञांना होती. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाचे बी देण्याचा नियम होता. शेताच्या कडेने साधा कापूस लावावयाचा. त्यावर विषाला बळी पडणाऱ्या अळ्यांची पैदास होत राहावी, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार पातळ व्हावा, ही त्यातील योजना. ते छोटे पाकीट बहुतेक ठिकाणी बांधावर फेकले गेले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. किडीसाठी चार ओळी सोडा, असे सांगितले गेले. का सोडावयाच्या, हे त्याच्या भाषेत फार थोड्यांनी सांगितले. शिवाय एका शेतकऱ्याने नियम पाळला आणि शेजारच्या पन्नासांनी पाळला नाही, तर त्या एकाच्या चार ओळी वायाच जातात. पतंगाला सातबारा वाचता येत नाही. हा प्रश्न गावाच्या पातळीवरचा आहे, म्हणजेच पंचायतीचा आहे.

सोलापूरच्या डाळिंबाची गोष्ट याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी १९३० च्या दशकात आळंदी प्रकारच्या डाळिंबातून एक निवड केली. मऊ बियांचा हा वाण पुढे ‘गणेश’ नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्याच वंशातून या शतकाच्या आरंभी राहुरीच्या विद्यापीठाने ‘भगवा’ दिला. मऊ बी ही माणसाच्या दातांची सोय आहे, झाडाची नव्हे. झाडाला तिची गरजही उरली नाही, कारण डाळिंबाची लागवड बीपासून न करता गुटी कलमाने करतात. एका झाडाची फांदी, तिला मुळ्या फुटल्या की दुसरे झाड. पण ते दुसरे नसून पहिलेच. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने आणि पुढे ठिबक सिंचनाने सांगोल्यासारखे दुष्काळी तालुके हिरवे केले, घरे सावरली, मुले शिकली. हे श्रेय मोठे आहे. परंतु हजारो एकरांवर गुणाने जवळजवळ एकच झाड उभे राहिले, आणि २००० नंतरच्या दशकात तेल्या रोग आला तेव्हा त्या जिवाणूला एका बागेत उघडलेली चावी सर्व बागांना लागली. या रोगाची भारतात नोंद १९५२ सालची आहे; म्हणजे जिवाणू नवा नव्हता, त्याला मिळालेले रान नवे होते. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. रोगमुक्त कलमे, बागेला विश्रांती, पावसाळ्यातील मृग बहाराऐवजी हस्त बहार, अशा उपायांनी अनेक बागा सावरल्या. एकच औषध पुनःपुन्हा फवारण्याच्या मोहापासून मात्र सावध राहिले पाहिजे, कारण त्या औषधाला न जुमानणारा जिवाणू निवडण्याचा तोच राजमार्ग आहे.

अळीला आणि जिवाणूला माणसाशी जुळवून घेता येते, कारण त्यांच्या पिढ्या झपाट्याने बदलतात. ज्यांना ते जमत नाही त्यांचे उदाहरण नान्नजच्या माळावर आहे. माळढोकाची मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. हजारो वर्षे मोकळ्या गवताळ माळाने त्याला घडविले. विजेच्या तारा, विहिरी, ऊस आणि कुत्री ही सारी त्याच्या दोन-चार पिढ्यांच्या आत आली. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, ८,००० चौ.कि.मी. हून अधिक असलेले त्याचे कागदोपत्री क्षेत्र २०१२ साली सुमारे १,२०० चौ.कि.मी. वर आणण्यात आले. आज तेथे क्वचितच एखादा माळढोक दृष्टीस पडतो. त्याच माळावर काळविटांचे कळप मात्र आहेत. शाळूच्या रानात घुसून चरण्याची कला काळविटाला साधली, माळढोकाला साधली नाही.

शाळेत हा विषय शिकविताना जिराफाची मान दाखविण्याची प्रथा आहे. तिला हरकत नाही. पण त्याआधी शाळूचे एक कणीस आणि कुसळी गवताचा एक तुरा मुलांच्या हाती द्यावा. दोन्ही हलवून पाहावयास सांगावे. एकाचे बी झडते, दुसऱ्याचे झडत नाही. असे का, या प्रश्नाच्या उत्तरात पाच हजार वर्षे आहेत. घरी आजीकडे कोणते वाण होते, त्यांची नावे काय, ती भाकरी कशी लागे, हे मुलांनी लिहून आणले तर गावाची एक नोंदवही तयार होईल. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याची सोय आहे, त्या कामी अशी वही हाताशी असणे उपयोगाचे. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीने जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची, तीही अनेकदा बाहेरून भरून घेतलेली असते. तिच्यात कणसाला जागा आहे.

बी राखण्याच्या रीतीत एक चूक अलीकडे फार होते. कणसे मोडून खळ्यावर आली की ढिगातली मोठी कणसे बियाण्यासाठी उचलतात. ढिगात दाणा दिसतो, ताट दिसत नाही. ते कणीस बांधाकडेच्या, जास्त ओल मिळालेल्या ताटाचे होते की शेताच्या मध्यावर शेजाऱ्यांशी झगडून वाढलेल्या ताटाचे, हे कळावयास मार्ग उरत नाही. जुनी माणसे उभ्या पिकात निवडत, कडेच्या ओळी सोडून आत जात, आणि निवडलेल्या ताटाला चिंधीची खूण बांधत. शक्य तितक्या जास्त ताटांवरून, निरनिराळ्या ठिकाणांहून कणसे घेत. दोन-चार कणसांवर सारी भिस्त ठेवीत नसत. काढणीच्या आदल्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, एका एकरासाठी हे काम तास-दीड तासाचे आहे.